शाळाच नाही, पण सुट्टी संपली!

दिवाळीची सुट्टी संपली की पहिले दोन-तीन दिवस आपल्या सगळ्यांचे सारखेच जातात. लेक्चरला बसतो खरं, पण डोकं अजून गावाकडेच असतं. जर्नल अर्धवट असतं, इंटरनलची तारीख ग्रुपवर येऊन पडलेली असते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, 'अरे, तुझी अटेंडन्स किती झाली?' तरीही आपण कॉलेजला जातो. कारण बाहेरून ढकलणारं काहीतरी असतं. टाइमटेबल असतं, ७५ टक्क्यांचा नियम असतो, काढून ठेवलेला पास असतो.

आता अशा घराचा विचार करा, जिथे यातलं काहीच नाही. मुलं सात-अकरा वर्षांची आहेत, पण कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नाही. सकाळी व्हॅन येत नाही. वर्गशिक्षिकेचा व्हॉट्सॲपवर मेसेज येत नाही. आईबाबांनी विचार करून मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय. म्हणजे होमस्कूलिंग. मग या घरात सुट्टी संपते कधी? आणि ती संपली, हे ठरवतं कोण?

प्रश्न साधा वाटतो. पण तो धरून थोडं पुढे गेलात, तर तुम्ही थेट शिक्षणहक्क कायद्याच्या एका कलमापाशी पोहोचता. आणि मग कळतं, की हा प्रश्न दोन-चार हौशी आईबाबांपुरता नाही.

पहिला आठवडा

एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलंच आहे, पण होमस्कूलिंग करणारी घरं साधारण ज्या पद्धतीने चालतात, तसंच ते चालतं. पुण्यातलं कोथरूड म्हणा किंवा ठाण्यातला घोडबंदर रोड. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. बाबांचं ऑफिस, आईचं घरून अर्धवेळ काम. दिवाळीचे पंधरा दिवस आजोळी गेले. किल्ला झाला, रात्री उशिरापर्यंत पत्ते झाले, सकाळी दहाच्या आत कुणी उठलं नाही.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी शहाणी आई पुस्तकं काढतच नाही. आधी झोप रुळावर आणायची असते. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी सातला उठायचं, नाश्ता ठरल्या वेळी. एवढंच. नाश्त्यानंतर अर्धा तास गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, सुट्टीआधी जिथे राहिलं होतं तिथून पुढे. मुलं सोफ्यावर लोळत ऐकतात. बघणाऱ्याला वाटेल, हा कसला अभ्यास? पण दिवसाचा एक ठरलेला तुकडा परत बसला, हे त्या सकाळचं काम झालेलं असतं.

मंगळवारी गणित, पण जुनं. मुलीला अपूर्णांकांची बेरीज सुट्टीआधी येत होती. तीच दहा गणितं. नवा धडा नाही, वेळ लावायची नाही. सहा बरोबर येतात, चार चुकतात आणि चुकलेल्या चारपैकी तीन तिची तीच दुरुस्त करते. धाकट्याचे पाढे तर खेळत-खेळत होतात, एक ओळ आईची, एक त्याची.

बुधवारी सुट्टीचाच माल वापरायचा. आजोळी केलेल्या किल्ल्याचे फोटो फोनमध्ये आहेतच. तो कागदावर काढायचा. मावळा दोन इंचांचा असेल, तर त्याच्या मानाने बुरुज किती उंच हवा होता? आपला बुरुज तेवढा होता का? यात प्रमाणही आलं, इतिहासही आला. आजीने किती भाजणीच्या किती चकल्या केल्या, हाही हिशोब निघतो. फक्त इथे एक पथ्य पाळावं लागतं. प्रत्येक मजेच्या गोष्टीला धडा चिकटवला, की मुलांना ते लगेच कळतं. मग पुढच्या वेळी ती किल्लाही करायला तयार होत नाहीत.

गुरुवारी भांडण. हे जवळजवळ ठरलेलं. मुलगी वही बंद करते आणि म्हणते, मला नाही करायचं, खाली सगळे सायकल खेळतायत. आईच्या मनात त्याच वेळी दुसरंच काही चाललेलं असतं. शेजारच्या बिल्डिंगमधली सहावीतली मुलगी विज्ञानाच्या किती धड्यांवर पोहोचली, हे तिला कालच लिफ्टमध्ये समजलंय. आपण मागे तर पडत नाही ना? या घरांमध्ये सुट्टीनंतर सगळ्यात जास्त धास्तावलेला माणूस मूल नसतो, आई असते. आणि हो, बहुतेक घरांत ती आईच असते. 'पालक' हा शब्द आपण सोयीने वापरतो, पण स्वतःचं काम अर्ध्यावर आणते ती आई.

शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा कागद फ्रिजवर लागतो. तो मुलांनी लिहिलेला असतो, दोन विषय त्यांच्या आवडीचे, एक आईचा. आणि पुढच्या सोमवारी पहिला नवा धडा.

आधी वेळ, मग जुनं, मग नवं. सुट्टीनंतर परत अभ्यासाला लागायची ही सोपी पायरी आहे. ज्या घरांचा यात घोळ होतो, तिथे तो दोनपैकी एका प्रकारे होतो. काही घरं पहिल्याच सोमवारी सहा विषयांचं पूर्ण टाइमटेबल लावतात आणि बुधवारपर्यंत घरात रडारड सुरू होते. काही घरं सुरुवातच करत नाहीत. आज राहू दे, उद्या बघू, म्हणता-म्हणता नाताळ येतो.

पहिला घोळ घरातल्या घरात मिटतो. दुसऱ्याचं काय? शाळेतलं मूल तीन आठवडे आलं नाही, तर कुणीतरी फोन करतं. घरी शिकणाऱ्या मुलाचे तीन आठवडे तीन महिने झाले, तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विसरणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे

सुट्टीत मुलं विसरतात, हे खरंच आहे का? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरतो, हे मोजलं. सुरुवातीला आपण भराभर विसरतो, मग वेग कमी होतो. मानसशास्त्राचा पेपर असलेल्यांनी हा आलेख पाहिला असेल. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे आठवत नाही, याचा अर्थ डोक्यातून पार पुसलं गेलं, असा नाही. मंगळवारच्या 'जुन्या' गणिताला आधार मिळतो तो इथे.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उन्हाळी सुट्टीवरचे ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरण दिसली, वाचनापेक्षा गणितात जास्त. हे आकडे किती धरून चालायचे, यावर नंतर संशोधकांमध्ये बराच वाद झाला. शिवाय अमेरिकेची उन्हाळी सुट्टी आपल्या दिवाळीच्या सुट्टीपेक्षा खूपच मोठी. पंधरा दिवसांनी कुणाचं नुकसान होत नाही. पण गाडी एकदम चौथ्या गिअरमध्ये टाकता येत नाही, इतकं समजायला हे पुरेसं आहे.

आणि ही फक्त घरगुती युक्ती आहे, असं समजू नका. आपल्या सरकारी यंत्रणेनेही ती वापरली आहे. कोरोनात शाळा बंद राहिल्या, तेव्हा अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांचा अभ्यास केला. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं गमावून बसली होती, गणितातलं ८२ टक्के. मग २०२१ मध्ये महाराष्ट्राने काय केलं? १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. म्हणजे आधी मागच्या इयत्तेतलं, मग नवं पुस्तक. तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असतील, त्यांना ती पीडीएफ आठवत असेल. ती सगळ्यांपर्यंत नीट पोहोचली का, हा वेगळा विषय. पण तत्त्व तेच होतं, जे कोथरूडची आई मंगळवारी वापरते.

कायदा काय विचारतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे घर कायद्याच्या नजरेत कुठे आहे?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्याचं कलम १० सांगतं, की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. कायद्यात 'शाळा' या शब्दाची व्याख्या आहे आणि घर त्यात बसत नाही. पण पालकांनी हे कर्तव्य पाळलं नाही, तर शिक्षा काय, हेही कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणजे होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगी नाही आणि त्यासाठी कुणाला तुरुंगातही टाकलेलं नाही. इतक्या वर्षांनंतरही ही घरं मधल्या मध्ये लटकलेली आहेत. हा मुद्दा मध्यंतरी दिल्ली उच्च न्यायालयातही गेला होता. तिथे केंद्र सरकारने आधी घरी शिकवणाऱ्यांना हा कायदा आड येत नाही, अशी भूमिका घेतली आणि मग ती मागे घेतली.

याचा परिणाम काय होतो? सरकारी सर्वेक्षणाच्या भाषेत कोथरूडची ती अकरा वर्षांची मुलगी 'शाळाबाह्य' ठरू शकते. तिचं वाचन, तिचे अपूर्णांक, तिचा किल्ला यांची कुठेच नोंद नाही.

कायद्याला वर्ष मोजायचं असलं, की तो काय मोजतो बघा. परिशिष्टात लिहिलंय, पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे दिवसाला साधारण चार ते साडेचार तास. पाचवीपर्यंतच्या मुलाचे वर्षातले १६५ दिवस तर कायद्यानेच मोकळे ठेवले आहेत. घरी शिकवणाऱ्यांना नेहमी विचारलं जातं, की एवढ्याशा वेळात तुमचं होतं कसं? चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, वह्या तपासणं, रांगा, गोंगाट धरून जे चार तास लागतात, त्यातलं बरंचसं दोन मुलांबरोबर दीड-दोन तासांत होऊ शकतं. यात चमत्कार काही नाही, साधा भागाकार आहे.

मग दहावी कशी देतात? यासाठी दार आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ मध्ये सुरू झाली. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली, की तिथून दहावीला बसता येतं. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे स्तरही तिथे आहेत. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि आपल्याकडचा जुना 'सतरा नंबरचा फॉर्म' तर तुम्हाला माहीतच असेल. शाळा सुटलेला कुणी मामा किंवा लग्नानंतर दहावी केलेली कुणी काकू प्रत्येकाच्या घरात सापडते.

पण दारातून आत गेल्यावरही अडचण संपत नाही. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर शाळेत गेलीच नाही. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. बारावीची मार्कशीट नाही, म्हणून आयआयटीचा रस्ता तिला बंद होता. २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. तेव्हा ही बातमी सगळीकडे 'बघा, शाळेविना यश' अशी गाजली. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. जगात चमकलेल्या मुलीलाही इथे मोजायची पट्टी आपल्याकडे नव्हती. मग जी मुलगी चारचौघींसारखी आहे, जिच्याकडे पदक नाही, तिचं काय?

दुसरी बाजू ऐका, कारण ती खरी आहे

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मग कायदा बदला आणि द्या मोकळीक. थांबा.

आपल्या राज्यात शाळेत जायला मिळणं ही भांडून मिळवलेली गोष्ट आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा 'मुलींनी घरीच राहावं' हेच तर विरोधकांचं म्हणणं होतं. सक्ती हा शब्द कानाला टोचतो, पण सक्ती मुलावर नाहीये. ती मोठ्यांवर आहे. मुलाला कामाला जुंपू नका, मुलीला घरी बसवू नका, यासाठी.

आता कॅलेंडर बघा. कोथरूडचं घर दिवाळीनंतर हळूहळू पुन्हा अभ्यासाला लागतं, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या ऊसतोड टोळ्या साखरपट्ट्याकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. बरोबर मुलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा ही मुलं कुठल्या तरी कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या खोपीत असतात. धाकट्याला सांभाळायचं काम बहुतेक वेळा मोठ्या बहिणीकडे. हंगाम संपेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली, पण प्रत्येक मुलापर्यंत ती पोहोचली, असं कुणीच म्हणणार नाही.

ही दोन्ही मुलं शाळेत नाहीत. एकीची आई फ्रिजवर कागद लावते, दुसरीची आई पहाटे फडात उतरते. कायद्याच्या एका रकान्यात दोघींना बसवलं, की पहिलीवर अन्याय होतो. पण पहिलीसाठी नियम सैल केला आणि दुसरीचा बाप म्हणाला, 'साहेब, आमचीपण घरीच शिकतीय', तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. अशा ठिकाणी 'घरी शिकतेय' या दोन शब्दांच्या आड काय-काय लपू शकतं, याचा विचार केल्याशिवाय मोकळीक मागणं मला बेजबाबदार वाटतं.

आता मघाचा मुद्दा आठवा. घरातले तीन आठवडे तीन महिने झाले, तर बाहेर कुणाला कळत नाही. कोथरूडच्या घरात हा धोका लहान आहे. पण आहे. आई आजारी पडली, बाबांची नोकरी गेली, आईबाबांचं आपसात पटेनासं झालं, तर? मुलाकडे बघणारं दुसरं मोठं माणूस कुणीच नसतं.

मधला रस्ता असतो का?

बाहेरच्या देशांत बघितलं, तर दोन्ही टोकं सापडतात. जर्मनीत होमस्कूलिंगला जवळपास बंदीच आहे आणि २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्या धोरणात ढवळाढवळ केली नाही. अमेरिकेत ते सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. टेक्ससमध्ये कुणाला कळवायचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र वर्षाचा आराखडा द्यावा लागतो आणि दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवून चालायचं. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते.

आपल्याला या सगळ्यातून काय घेता येईल? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, नोंद. घरी शिकवायचंय, तर तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण कार्यालयात ते लेखी कळवा. लपूनछपून नको. दुसरी, वर्षातून एक-दोन वेळा भेट. परीक्षा नव्हे. एखाद्या शिक्षकाने मुलाशी निवांत बोलावं, त्याची वही, त्याने केलेल्या वस्तू, वाचलेली पुस्तकं बघावीत. मूल एकटं बोलायला तयार असेल, तर तसंही बोलावं. तिसरी, परतीचं दार. कायद्याच्या कलम ४ मध्ये शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायची आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण द्यायची सोय आधीच आहे. घरी शिकवणं जमलं नाही, तर त्या दारातून मूल शाळेत परत यावं. त्यात कुणाला कमीपणा वाटू नये.

ही माझी कल्पनेतली यादी आहे, कुठल्या समितीची नाही. यातही खाचखळगे आहेत. ज्या शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणांचा आणि निवडणुकीच्या कामांचा ढीग आहे, त्यांच्याच गळ्यात हे पडणार. आणि होमस्कूलिंगवाले म्हणतील, की जे कारकुनी डोकं टाळायला बाहेर पडलो, तेच घरात आलं. मान्य. पण आज त्यांना कायद्याच्या बाहेर राहून जे मिळतंय ते स्वातंत्र्य नाहीये. कुणी तक्रार केली नाही, म्हणून चाललंय, इतकंच.

आणखी एक फायदा आहे. भेट द्यायला गेलेला माणूस 'नाव कुठल्या शाळेत?' याऐवजी 'या महिन्यात काय शिकलीस?' असं विचारायला लागला, तर तोच प्रश्न खोपीतल्या मुलीलाही विचारता येईल. आज तिचं नाव बरेचदा गावच्या शाळेच्या पटावर असतंच. कागदावर ती शाळेत आहे. प्रत्यक्षात पाच-सहा महिने नाही.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही तर शाळेतून कधीच सुटलो.

अकरावी-बारावी आठवा. तुमच्या वर्गातले किती जण 'इंटिग्रेटेड'वाले होते? नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजचं तोंड बघितलं ते प्रॅक्टिकलला. सीबीएसईने २०२५ मध्ये डमी शाळांमधल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला बसू न देण्याचा इशारा दिला, तेव्हा बरेच पालक हादरले. गंमत बघा. कायद्याला आई घरी शिकवते ती चालत नाही. पण पटावर नाव ठेवून वर्गात पाऊल न टाकणं दोन वर्षं बिनबोभाट चालतं. कारण रकाना भरलेला असतो.

पटावर नाव असणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पिढीला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपण ते लॉकडाऊनमध्ये पाहिलंय, कॅमेरा बंद करून हजेरी लावली आहे. नवीन शैक्षणिक धोरण आता क्रेडिटची बँक देतंय, ऑनलाइन कोर्सचे गुण जमा करू म्हणतंय. म्हणजे पुढे आपलं शिकणंही थोडंथोडं घरात येणार आहे. घंटा वाजणार नाही, सर ओरडणार नाहीत. सुट्टीनंतर पुन्हा कधी बसायचं, कुठून सुरू करायचं, हे आपलं आपणच ठरवायचं. हे अकरा वर्षांच्या मुलीला जमू शकतं, कारण तिच्या बाजूला एक मोठं माणूस बसलेलं असतं. धोरणाच्या पानांमध्ये हे बाजूला बसणारं माणूस कुठे आहे, हा प्रश्न आपण विचारायला हवा. कॉलेजच्या चर्चासत्रात विचारा, युवक महोत्सवाच्या वक्तृत्वात विचारा, मतं मागायला दारात येतील त्यांना विचारा.

आणि तोपर्यंत स्वतःपुरतं एक करून बघा. या आठवड्यात सगळी युनिट्स एकदम उघडू नका. आधी झोपेची वेळ ठरवा. मग सुट्टीआधी नीट समजलेलं एक प्रकरण परत वाचा, फक्त एक. नवीन प्रकरण पुढच्या सोमवारी.